दोन उचक्यांची गाडी

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि आधी मनात आलं, कुणीतरी गेलं. चार वर्षांत तुझ्याकडून चकार शब्द नाही, माझ्याकडूनही नाही, आणि आता तू विचारतेस, "कशी आहेस? रविवारी काय करतेस?" रविवारीच का गं? सोमवार ते शनिवार मी काय करते ते तुला नको आहे?

राग मानू नकोस. किंवा मान, मला काय.

सोमवार ते शनिवार मी लोकांचे कान तपासते. अजून त्याच दवाखान्यात, त्याच काचेच्या खोलीबाहेर बसून. लोक आत हेडफोन लावून बसतात, आवाज आला की बटण दाबतात, आणि नाही आला तरी दाबतात, कारण बहिरं म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही. कोण खोटं दाबतंय ते मला बाहेरून कळतं. सहज सांगून ठेवते.

आणि रविवारी मी गाड्या बघते. हसू नकोस. गॅरेजवाल्याच्या घरात फक्त तूच जन्मली नव्हतीस. धरणाकडे चढणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या जुन्या टाकीपाशी मोठं वळण आहे बघ, तिथल्या कठड्यावर आम्ही तिघं उजाडलं की जाऊन बसतो. एक दातांचे डॉक्टर, एक सुतार आणि मी. आम्ही स्वतःला 'कठडा मंडळ' म्हणवतो. डॉक्टरांना इंजिनांचं वेड, सुताराला फोटोंचं, मला आवाजांचं. लोक आपल्या गाड्यांचे काय काय हाल करतात ते बघायला तू हवी होतीस. एकाने मागे एवढा थोरला पंख बसवलाय की सुतार म्हणतो, "ह्याच्यावर चादरी वाळत घालता येतील." एक जांभळी गाडी इतकी खाली बसवली आहे की गतिरोधक आला की ती तिरकी होते आणि पोटात कळ आल्यासारखी कण्हत पलीकडे जाते. एकाने तर सायलेन्सरच काढून टाकलाय. तो गेला की डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणतात, "बाई, तुमचं भावी गिऱ्हाईक गेलं."

ही झाली गंमत. पण काही जण नुसते माजलेले असतात. वळणावर ओव्हरटेक, उलट्या बाजूने, मोबाईल कानाला. त्यांचे फोटो आम्ही वाहतूक पोलिसांना पाठवतो.

अलीकडे एक राखाडी गाडी येऊ लागली आहे. बाहेरून अगदी घरगुती, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात तसली. पण टायर रुंद आहेत आणि आवाज घरगुती नाही. इतक्या वेगात ते वळण घेणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. आणि वळणाच्या जरा आधी, गिअर खाली टाकताना, इंजिन दोनदा हुंकारतं. उचकी लागल्यासारखं. एकदा नाही, दोनदा.

तू हल्ली गाडी चालवतेस का? आपलं सहज विचारलं. भावजी कसे आहेत?

चिमणी


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर तीनदा वाचलं. "गाडी केव्हाच सोडली. हे मजेत आहेत. इथे उकाडा फार." अशी तीन वाक्यं तर मी अनोळखी बाईलासुद्धा लिहिणार नाही.

पण चौथं वाक्य मला आवडलं. "तिथे पुलाचं काम चालू आहे ना, जपून जात जा." ताई, पुलाचं काम गेल्याच महिन्यात निघालं. वर्तमानपत्रात आलेलं नाही. माझ्या पत्रात पुलाचा प शोधून दाखव. तुला कुणी सांगितलं? तुझ्या त्या लांबच्या गावात बसून तुला इथला कुठला पूल दिसतो?

मी कुणावर आळ घेत नाही. फक्त आठवण करून देते. बाबा गॅरेजच्या दारात उभे राहून कुणाला ओरडायचे, "अगं, एकदा दाब पॅडल, दोनदा कशाला? गाडीला उचकी लागली का?" मला नाही ओरडायचे. मी तर क्लचवरच पाय ठेवून रडायचे. तुला ओरडायचे. डोंगरातल्या शर्यतींत तू बक्षिसं आणलीस तेव्हाही त्यांचं तेच, "जिंकली खरी, पण उचक्या देत जिंकली."

राखाडी गाडी काल पुन्हा आली. मी डोळे मिटून बसले होते. डॉक्टरांना वाटलं मला डुलकी लागली.

दोनदा, ताई.

मी मंडळात काही बोलले नाही. बोलू का?

चिमणी


१७ मार्च

ताई,

आता हे लपवाछपवीचं पुरे.

परवा काय झालं ते ऐक. आमच्या चौकातले बेकरीवाले काका रविवारी सायकल घेऊन धरणापर्यंत जातात. त्यांचं वय झालंय, दम लागतो, पण जिद्द सोडत नाहीत. ते टाकीच्या वळणावर चढ चढत होते आणि खालून राखाडी गाडी आली. तिने धक्का मारला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण इतक्या जवळून गेली की काका बिचकले, हँडल वळलं आणि सायकलसकट गटारात गेले. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आणि मी त्यांना बाहेर काढलं. ते कण्हत नव्हते, फक्त म्हणत होते, "माझा चष्मा कुठंय? माझा चष्मा बघा." चष्म्याचा चुरा झाला होता.

गाडी थांबली नाही.

डॉक्टर एरवी मवाळ माणूस. दात उपटतानाही पेशंटची माफी मागतात. पण परवा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "ह्या माणसाला मी सोडणार नाही."

"माणूसच कशावरून?" सुतार म्हणाला. त्याने फोटो घेतला होता. नंबरप्लेटवर चिखल आहे, एकही आकडा लागत नाही. (चिखल आपोआप उडाला की फासला, ते तुला ठाऊक.) चालवणाऱ्याचं तोंड काचेवरच्या उन्हात हरवलंय, कपाळावर ओढलेली टोपी तेवढी दिसते. पण शेजारच्या सीटवरचा माणूस स्वच्छ आलाय. हडकुळा, डोक्यावर एक केस नाही, गालांची खोबणी झालेली. तोंड उघडं. तो हसतोय, ताई. इकडे काका गटारात आणि तो गडगडून हसतोय.

कोण आहे तो?

भावजींना मी ओळखते. भावजी म्हणजे दारात मावत नसत, मिश्या अशा की त्यात कंगवा अडकावा. हा माणूस भावजी नाही. म्हणजे भावजींना तू तिथे "मजेत" सोडलंस, आणि इथे ह्या वयात कुणा टकल्याबरोबर डोंगरात गाड्या उडवतेस. म्हणून आईच्या शेवटच्या आजारात तुला वेळ झाला नाही का? मी आईला कुशीवर वळवत होते, भरवत होते, ती रोज दाराकडे बघून विचारायची, "थोरली निघाली का?" आणि मी सांगायचे, "निघाली, वाटेत आहे." कोणत्या वाटेत होतीस ते मला आता कळतंय.

मला वाटलं होतं मी हे कधीच लिहिणार नाही. लिहिलं. पाठवणार आहे.

चिमणी


२५ मार्च

ताई,

ह्या पत्राला तिकीट लावलेलं नाही. हे मी तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवते आहे, तेव्हा "मिळालं नाही" म्हणायची सोय नाही.

तू कशी सापडलीस ते सांगते. तसले रुंद टायर ह्या गावात एकाच दुकानात मिळतात. तिथल्या माणसाला मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या गाडीला बसवलेत तसे मला हवेत." तो लगेच म्हणाला, "त्या पाणीपुरवठा ऑफिसच्या मागे राहतात त्या बाई? टायर बदलताना बाजूला उभ्या राहून मला शिकवत होत्या." मग शंका उरली नाही.

गाडी आवारात होती, वर कापड. मी ते उचलून बघितलं. हो, उचललं. डाव्या दारावर कठड्याचा ओरखडा आहे. दोन्ही सीटना शर्यतीचे पट्टे, खांद्यांवरून येणारे. मागे उशा, आणि एक घडीची लोखंडी खुर्ची. सहली चालतात वाटतं! वर जाऊन धरणाच्या काठी खुर्ची टाकून बसायचं, वारा खायचा. छान आहे.

खिडकीत पुरुषाचा शर्ट वाळत होता.

माझी दोन कामं आहेत. एक, त्या माणसाचं नाव मला कळलं पाहिजे. दोन, बेकरीवाल्या काकांच्या घरी तू स्वतः गेलं पाहिजेस आणि तिथून पोलिसांकडे. नाही गेलीस तर मी हा पत्ता डॉक्टरांना देते. इतके रविवार मी आवाज ओळखून गप्प बसले, तेवढं बहिणीचं देणं फिटलं.

संध्याकाळी दवाखाना सुटला की येते. दार उघड.

चिमणी


२६ मार्च

ताई,

काल तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागदच.

तू दार उघडलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्या खांद्यावरून आत बघत होते. मी त्याला शोधत होते. येताना रस्त्यात एक वाक्य तयार करून आणलं होतं, चांगलं झणझणीत. खिडकीपाशी तो पाठमोरा बसला होता, त्याच लोखंडी खुर्चीत. आता तिची घडी उघडलेली होती आणि तिला चाकं होती. मी तोंड उघडलं. आणि त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, ती पुरती वळली नाही, आणि तो म्हणाला, "चि... णी."

मधलं अक्षर आलंच नाही. तरी मला आवाज कळला. चेहरा नाही कळला, ताई, अजूनही कळत नाही. त्या चेहऱ्यात मी भावजी शोधत होते आणि सापडत नव्हते. पण आवाज त्यांचा होता. तळाशी गेलेला, ओला झालेला, पण त्यांचाच.

मी आणलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"कधीपासून?" मी तुला विचारलं.

"आई गेली त्याच्या आधीपासून. तेव्हा नुसते पडायचे. आंघोळीला गेले की पडायचे. सोडून कशी येणार होते?"

"मग सांगायचंस."

"तू आईचं करत होतीस. तुला आणखी हे कशाला? आणि तू माझ्यावर रागावलीस ते मला परवडलं. तू कीव केली असतीस तर नसतं परवडलं."

हे मी रात्रभर उलटसुलट करून बघितलं. समजतं. पण आई दाराकडे बघायची ते मी बघितलंय, तू नाही. ते एका संध्याकाळी पुसलं जाणार नाही, आणि मी तसं भासवणारही नाही.

नसांचा आजार, हात गेले, पाय गेले, आता जीभ चालली आहे. उन्हाळा संपेपर्यंत शब्दही जातील, असं तू भांडी विसळत सांगितलंस, जणू दुधाचा भाव सांगावा. शर्यतींत तू चालवायचीस आणि ते शेजारी बसून पुढची वळणं मोठ्याने सांगायचे, हे मला माहीत होतं. पण ह्या डोंगरावर तुम्ही त्यासाठीच आलात, शब्द आहेत तोवर त्यांना वळणं सांगू द्यावीत म्हणून, हे मी स्वप्नातही आणलं नसतं. "हळू चालवली तर सांगतच नाहीत," तू म्हणालीस. "म्हणतात, हळू जायला वाटाड्या कशाला?"

मग मी काकांचं सांगितलं. तुझा चेहरा पांढरा पडला. तू म्हणालीस, "मी आरशात बघितलं होतं. सायकल उभी होती." आठ दिवस आधी मी पत्रात सगळं लिहिलं होतं. तू म्हणतेस, तुझी तिकडची शेजारीण माझी पत्रं पुढे पाठवते, आणि ते पोचलंच नव्हतं. असेल. तरी खरं सांगू? त्या आरशाची मला अजून शंका आहे. मी रोज लोकांना खोटं बटण दाबताना बघते.

पण भावजींना माहीत नव्हतं, हे मात्र खरं. त्यांना वाटलं होतं आपण मोकळ्या रस्त्यावर आहोत. ते ऐकत होते आणि त्यांचा श्वास मोठा होत गेला. मग ते काहीतरी बोलले, मला कळलं नाही. तू त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, "'जा' म्हणताहेत."

ते पुन्हा बोलले. ह्या वेळी मलाही कळलं.

"आत्ता."

तू चप्पल घातलीस. मी त्यांच्यापाशी बसले. तू परत आलीस तेव्हा मी निघून आले, कारण मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

चिमणी


१९ एप्रिल

ताई,

तुझी बस सुटायच्या आधीपासून मला शंका आहे की तू परत येणार नाहीस. तिकडचं घर रिकामं करायला आठवडा कशाला लागतो? तू गेल्यावर भावजींजवळ राहायला आले आणि आधी तुझं कपाट उघडून बघितलं. कपडे आहेत. चांगल्या साड्या तेवढ्या नाहीत. त्या तू ओल लागते म्हणून आधीच तिकडे ठेवल्या होत्यास की नेल्यास, ते विचारू का भावजींना? विचारलं. ते हसले.

इथली खबर. पोलिसांनी गाडी अजून ठेवून घेतली आहे. तुझा परवाना वर्षभर परत मिळेल असं वाटत नाही, आणि मिळू नयेच. बेकरीवाल्या काकांचा हात अजून गळ्यात आहे. मी चष्म्याचं विचारायला गेले तर म्हणाले, "तुमची बहीण रोज येऊन माझ्या बायकोला पिठाची पोती उचलू लागते, ते बरं आहे. पण मी माफ केलंय असं तिने समजू नये." मी म्हटलं, "मी तरी कुठं केलंय." मग त्यांनी मला गरम पाव दिला.

डॉक्टर माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी आवाज ओळखला होता आणि गप्प बसले, हे मीच मंडळात सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बाई, त्या रविवारच्या आधी बोलला असतात तर काका पडले नसते." सुताराने मध्ये पडून जागा करून दिली, तेव्हा मी कठड्याच्या टोकाला बसते.

आता आजचं. आज मी भावजींना माझ्या गाडीतून नेलं. तू नको म्हणाली होतीस. माझी गाडी तुला माहीत नाही. तिचं काही वाढवलेलं नाही, काही कमी केलेलं नाही, चढावर तिलाच धाप लागते. शेजारच्या पोरसवदा सुनेने आणि मी मिळून त्यांना बसवलं, उशा लावल्या, पट्टा बांधला. सकाळ छान होती. डोंगर लागला आणि त्यांनी सुरू केलं. वळणामागून वळण सांगत होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळेना. माझं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं, ताई, आणि मला कळेना. मी "हो, हो" म्हणत होते. बटण दाबत होते, आवाज येत नसताना. त्यांना ते कळलं. ते गप्प झाले.

ते गप्प बसलेले मला सहन होईनात. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "भावजी, पुन्हा सांगा, हळूहळू सांगा." वळून म्हटलं, आणि रस्त्याकडे बघायचं राहिलं.

"ब्रेक!"

इतकं स्वच्छ. काचेच्या खोलीत बसून ऐकावं तितकं. मी दोन्ही पायांनी दाबला. गाडी टाकीच्या वळणावर तिरकी होऊन उभी राहिली, समोर कठडा, कठड्यावर मंडळ. डॉक्टरांच्या हातातला कॉफीचा पेला शर्टावर पालथा झाला होता. सुताराने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला नव्हता, म्हणजे माझाही फोटो निघाला.

भावजी माझ्याकडे बघत होते. मग ते आणखी एक शब्द म्हणाले, तोही मला कळला.

"मठ्ठ."

आणि हसायला लागले. फोटोत होतं तसंच, तोंड उघडं टाकून, मान मागे. त्यांच्या हसण्याने गाडी हलत होती. डॉक्टर ओला शर्ट धरून खिडकीशी आले होते, मला झाडायलाच आले असणार. भावजींकडे बघितलं आणि त्यांनी नुसतं विचारलं, "ठीक आहात ना?" भावजींनी डोळ्यांनीच माझ्याकडे खूण केली, जणू म्हणाले, तिला विचारा.

त्या हसण्यासाठी तू काय काय केलंस ते मला आज कळलं. पटलं नाही. उतरताना मी इतकी सावकाश आले की जांभळी गाडीसुद्धा आम्हाला मागे टाकून गेली, आणि भावजींनी खालपर्यंत एकही वळण सांगितलं नाही. पण रुसलेले नव्हते. घरी आल्यावर मला विचारलं, पुढचा रविवार? मी म्हटलं, बघू.

बुधवारच्या बसने येते म्हणाली होतीस. मी स्टँडवर येणार नाही, त्यांना एकटं ठेवता येत नाही. बुधवारी नाही आलीस तर गुरुवारी मी शंका घेईन, शुक्रवारी शिव्या घालीन, आणि त्यांचे उरलेले शब्द मी एकटीच ऐकून टाकीन.

ये. बेल वाजव. मी आतच आहे.

चिमणी